बाभळीची बैठक

मेलेला माणूस बसून येतो तो धोंडप्पाच्या गाडीतून. हे उदगीरपासून देवणीपर्यंत आणि इकडं जळकोटपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी पांढरी, जुनी, डाव्या दाराला पोचा आलेली. मागं पत्र्याचं स्ट्रेचर आहे. ते सगळ्याच शववाहिन्यांत असतं. पण त्याच्या बाजूला, खिडकीला लागून, बाभळीच्या लाकडाची एक बैठक बोल्टांनी पक्की केलेली आहे. रुंद, बुटकी, मांडी घालून माणूस आरामात मावेल अशी. पाठीला उभ्या फळ्या, हात टेकायला दोन बाजू, आणि छातीवरून, कमरेवरून आवळायला खाटेची सुती नवार.

एकदा लातूरला पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसानं खिडकीतून आत डोकावून सांगितलं होतं, "बाबा झोपलेत वाटतं. काच लावून घ्या, धूळ यायली."

धोंडप्पानं गुमान काच लावून घेतली. चांगलं सांगणाऱ्याला कशाला घाबरवायचं?

आमच्या भागातल्या लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, आणि आडवाही पुरत नाहीत. रोज पूजेला बसायचा तशी मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, कपाळाला विभूती लावून मातीत बसवतात. खड्डाही तसाच, चौकोनी आणि खोल. पूर्वी माणूस घरात मरायचा, घरच्यांच्या हातांत मरायचा. अंग ऊन असतानाच त्याला भिंतीशी बसवायचे आणि बसल्या ठेवणीतच तो ताठायचा. आता मरण दवाखान्यात येतं. तिथं हिंदू, मुसलमान, लिंगायत, सगळ्यांना एकाच तऱ्हेनं लांब करतात, पायाचे अंगठे पट्टीनं एकमेकांना बांधतात आणि थंड पेटीत सरकवतात. माणूस ज्या ठेवणीत निजवला, त्या ठेवणीत ताठतो. मग गावात आणलेला बाप लाकडाच्या ओंडक्यासारखा पडलेला असतो आणि लेकरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी असतात.

अशा वेळी धोंडप्पाला फोन जातो.

धोंडप्पाचं घराणं बैलांचं. त्याचा बाप देवणी वळू पाळायचा. कपाळ काळं, अंग पांढरं, चालला की जमिनीला ऐकू जावं असा एक वळू त्यांच्या दावणीला होता. नुकतं जन्मलेलं वासरू पाय पसरून पडलं की बाप त्याचे सांधे चोळून चोळून त्याला उभं करायचा. "जोर लावायचा न्हाई," तो सांगायचा. "सांधा काय म्हनतो ते ऐकायचं. त्यो हाव म्हनला की फुडं जायाचं." धोंडप्पाच्या बोटांना ते कान तेव्हा फुटले. पुढं त्यानं वीस वर्षं प्रवाशांची जीप चालवली, मग ही गाडी घेतली, आणि बोटांचं ते ऐकणं मेलेल्या माणसांच्या कामाला आलं.

जीप आणि ही गाडी यांच्या मधली दोन वर्षं तेवढी निराळी होती. रोगाची साथ आली तेव्हा धोंडप्पा एका ठेकेदाराच्या गाडीवर होता. तेव्हा मेलेल्याला नाव नव्हतं, नंबर होता. प्लास्टिकात गुंडाळलेली माणसं, एकावर एक नाही पण एकाशेजारी एक, सगळी आडवी, सगळी आगीत. त्यात लिंगायत किती, कुणाला माहीत? कुणी विचारलं नाही, त्यानंही विचारलं नाही. हुकूम होता आणि पोट होतं. साथ सरली त्या महिन्यात तो उदगीरच्या सुताराकडं गेला आणि म्हणाला, "मला एक बैठक करून दे. बाभळीची. माझ्यामागंही टिकंल अशी."

तर ही गोष्ट त्या बैठकीची आहे, आणि एका येळवशीच्या दिवसाची.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. दुकानं बंद, हॉटेलं बंद, सगळा मुलूख शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोट फुटेस्तोवर खायची. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा त्या दिवसाचा कायदा.

धोंडप्पाची बायको कमलम्मा आंबिलीचं मडकं डोक्यावर घ्यायच्या बेतात होती, तेवढ्यात फोन वाजला.

देवणीच्या पुढं तीन कोसांवरच्या गावातून शरणप्पा बोलत होता. त्याचे थोरले भाऊ, बसलिंगप्पा गुरुजी, पहाटे नांदेडच्या दवाखान्यात लिंगैक्य झाले होते.

"जवळ कोन हाय?" धोंडप्पानं विचारलं.

"पोरगी. अक्षरा. चीनला डॉक्टरकी शिकून आली न्हवं का, ती. एकलीच हाय बिचारी. म्या इथलं बघून राहिलो."

"अंगठे बांधले का त्यांचे?"

"ते मला काय म्हाईत, बाबा?"

कमलम्मा म्हणाली, "वर्षाचा एक दिवस. आज बी?"

"मानूस काय पंचांग बघून जातंय व्हय?" धोंडप्पा म्हणाला. तिनं दोन उंडे फडक्यात बांधून त्याच्या सीटवर ठेवले आणि दार आपटून लावलं. तिचा राग उंड्यांत नसतो, दारात असतो, हे त्याला तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

नांदेडला तो पोचला तेव्हा अक्षरा दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती. मांडीवर बापाची कापडी पिशवी, पिशवीत चष्मा, धोतर आणि चांदीच्या डबीतलं लिंग. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी. रडून झालेलं होतं किंवा अजून सुरू व्हायचं होतं.

"मामा, मी त्यांना सांगितलं होतं बसवून ठेवा म्हणून," ती म्हणाली. "नियमात बसत नाही म्हणाले. मी भांडत बसले, तेवढ्यात आत नेलं."

कागद व्हायला अकरा वाजले. गुरुजींना बाहेर आणलं तेव्हा धोंडप्पानं चादर वर करून आधी पाय बघितले. अंगठे बांधलेले. पट्टी सोडली, पण पाय तसेच जोडलेले राहिले. त्यानं गुडघ्याखाली हात घातला. गुडघा काहीच म्हणाला नाही.

"पूर्ण ताठलेत," अक्षरा म्हणाली. तिचा आवाज डॉक्टरचा होता, ओठ लेकीचे. "थंडीत ठेवलंय, म्हणजे उद्यापर्यंत सैल नाही पडणार."

शरणप्पाचा फोन आला. त्यानं शेतातून चार माणसं कशीबशी गोळा केली होती. "धोंडप्पा, मानसं कुदळी घिऊन उभी हायती. खड्डा लांब खांदू का चौकोनी?"

धोंडप्पानं गुरुजींकडं बघितलं. सहा फुटांचा, सडपातळ, नाकाचा शेंडा वाकडा असलेला माणूस.

"चौकोनी," तो म्हणाला.

"न्हाई वाकला तर? खाली मुरूम लागतोय आपल्याकडं. दोनदा खांदता येनार न्हाई. दिवस मावळायच्या आत मातीआड करायचंय."

"चौकोनी म्हनलं की."

फोन ठेवल्यावर अक्षरा त्याच्याकडं बघत राहिली. "मामा, उगीच शब्द दिलात का? अप्पांची एकच इच्छा होती. दर चार दिवसांनी सांगायचे, मला बसवूनच न्या. अव्वाला, माझ्या आईला, साथीत नेलं ना, लातूरला. आम्हाला नुसतं प्लास्टिक दिसलं. तिला जाळलं. अप्पा त्यानंतर कधी नीट झोपले नाहीत. ती आडवी गेली, ती अजून वाटेतच असेल म्हणायचे."

धोंडप्पानं चादर पुन्हा ओढली. गुरुजींना पत्र्यावर नीट ठेवलं, पट्टे लावले आणि गाडी सुरू केली. ती पुढं, त्याच्या शेजारी बसली.

लोहा गेलं, कंधार गेलं. दोन्ही बाजूंनी ज्वारी छातीएवढी, मध्येच करडई, हरभऱ्याला घाटे धरलेले. शेताशेतांत कडब्याच्या कोप्या आणि धूर. रस्त्यावर मात्र कुत्रंही नव्हतं.

कंधारच्या पुढं ती विचारून गेली, "मामा, साथीत तुम्ही पण गाडी चालवायचात का? लातूरला?"

"हाव."

"मग अव्वा तुमच्याच गाडीत असेल."

"म्हाईत न्हाई गं माय. नावं न्हवती. नंबर होते." त्यानं गिअर बदलला. "आसंल. नसंल. नसंल आसं म्हनायची माझी छाती न्हाई."

आता ही पोरगी आपल्याशी बोलणार नाही असं धोंडप्पा धरून चालला होता. पण ती बोलली, आणि भलतंच बोलली.

"अव्वा गेल्यावर दीड वर्षानं मला परत चीनला जाता आलं. हूनान म्हणून मुलूख आहे तिकडं. हॉस्टेलच्या मेसमध्ये एक म्हातारी होती, ल्यू आजी. भारतातली पोरं तिखट खातात असं तिनं ऐकलेलं. पण ती स्वतः आपल्या खर्ड्यालाही ऐकायची नाही इतकं तिखट खायची. तिनं विचारलं, आईला कुठं पुरलं? मी सांगितलं, नाही पुरलं, जाळलं, बघायलाही मिळालं नाही. तिनं हातातला डाव खाली ठेवला आणि मला तिच्या गावाकडची गोष्ट सांगितली."

"कसली?"

"मेलेल्यांना घरी आणणाऱ्यांची. तुमच्यासारख्यांची."

धोंडप्पानं गाडी जरा हळू केली.

"तिच्या गावाकडं नुसते डोंगर. माणसं लांब मजुरीला जायची आणि तिकडंच मरायची. आणायला ना गाडी, ना घोडा. मग एक जाणता बोलवायचे. तो मेलेल्यांच्या कपाळाला पिवळा कागद चिकटवायचा, त्यावर लाल अक्षरांत मंतर. मग हातातली झांज वाजवत तो पुढं निघायचा आणि त्याच्यामागं मेलेली माणसं एका रांगेत. चालत नाही, उड्या मारत."

"मुडदे उड्या मारतात?"

"अंग ताठलेलं असतं ना, मामा. गुडघे वाकत नाहीत. म्हणून दोन्ही पायांवर, टुणूक टुणूक."

धोंडप्पानं एक अख्खं वळण विचार केला. "सांधे चोळायला करडईचं तेल मिळत न्हाई वाटतं तिकडं."

अक्षरा हसली. हसू आलं म्हणून तिनं मागं वळून बापाकडं बघितलं, जशी परवानगी घेतली, आणि पुन्हा हसली.

"त्यांच्यात म्हणतात, माणसात दहा जीव असतात," ती सांगू लागली. "तीन वर जातात, सात अंगातच राहतात. माणूस परक्या मातीत राहिला की ते सात जीव खवळतात. मग ताठलेला मुडदा उठतो आणि घराची वाट शोधत फिरतो. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, माणसाच्या श्वासाचा वास येतो. तो समोर आला तर श्वास कोंडून उभं राहायचं. म्हणून तर आणायचं एवढं कष्टानं. झांज वाजली की गावं दारं लावून घ्यायची, कुत्री आत बांधायची. वाटेत त्यांच्यासाठी वेगळ्या खानावळी असायच्या. दाराच्या मागं मुडदे उभे करून ठेवायचे."

"अन् खरं काय व्हतं?"

"तुम्हाला कसं कळलं की खरं वेगळं असेल?"

"म्या मुडदे वाहतो, माय. मुडद्याचं वजन मला म्हाईत हाय. त्यो सवताहून येत न्हाई."

ती पुढच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "आजीचा आजाच ते काम करायचा. मरताना त्यानं फोड केली. दोन लांब बांबू. मेलेल्यांचे हात दोन्हीकडून त्या बांबूंना बांधायचे. पुढं एक माणूस, मागं एक माणूस, बांबू खांद्यावर. बांबू लवतो, तशी मधली माणसं वरखाली होतात. लांबून वाटतं उड्याच मारतायत. झांज कशाला, तर कुणी जवळ येऊ नये म्हणून. मी म्हणाले, म्हणजे सगळं खोटंच की. तर आजी चिडली माझ्यावर. म्हणाली, खोटं कसं? आली ना माणसं घरी?"

धोंडप्पानं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटलं. आली ना माणसं घरी.

"दोन लागतात मंजी," तो म्हणाला. "एका मुडद्याला दोन जिवंत. फुडं एक, मागं एक."

त्याच्या डोक्यात एव्हाना दुसराच हिशोब चालला होता, आणि तो वेळेचा होता. सांधे सोडवायचं काम धावत्या गाडीत होत नाही. गावात पोचल्यावर तर नाहीच, तिथं बाया गळ्यात पडतात, म्हातारे घाई करतात, कुणीतरी जोर लावतं आणि हाड मोडतं. ते वाटेतच करायला हवं होतं. गरम पाणी हवं होतं, तेल हवं होतं, दोन तास हवे होते. आणि सगळी हॉटेलं बंद.

जळकोटच्या अलीकडं रस्त्याला लागून एक शेत होतं. कोपीशेजारी चूल धगधगत होती, चुलीवर मोठं पातेलं. धोंडप्पानं गाडी बांधाशी घेतली. हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून गाडीचं मागचं दार बरोबर दक्षिणेला केलं. तो खाली उतरतो न उतरतो तोच बांधावरून डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या माणसानं हाक मारली.

"या पाव्हनं, या! जेवाया या! किती मानसं हायती?"

"तिघं," धोंडप्पा म्हणाला.

"या की मग, लाजता कशाला?"

"एक आडवा हाय."

तो माणूस, शेषेराव त्याचं नाव, बांध उतरून आला, गाडीवरची अक्षरं वाचली आणि जागच्या जागी थांबला. त्याची बायको साखराबाई मागून पळी घेऊन आली होती. तिनंही वाचलं.

"आरं देवा," ती म्हणाली. "आज येळवस हाय, दादा. कोपीत पांडव मांडलेत. अन् तुमी मढं घिऊन आलाव?"

"कोपीत येत न्हाई, माय. हितंच बांधाखाली थांबतो. मला चुलीवरचं पानी पाहिजे आणि वाटीभर तेल. लिंगायताचं मानूस हाय, बसवून पुरायचंय. ताठलंय. ही त्यांची लेक."

साखराबाई नवऱ्याकडं वळली. "तुमाला सतरांदा सांगितलं, हाक मारायच्या आधी बघत जावा कोन हाय ते."

"आता मारली की," शेषेराव म्हणाला.

"आता मारली की म्हनं!" तिनं पळी त्याच्या हातात कोंबली. मग अक्षराच्या तोंडाकडं बघितलं, पायांवरच्या दवाखान्याच्या धुळीकडं बघितलं. "येळवशीची हाक माघारी घेता येत न्हाई. एकदा मारली की मारली. जावा, पातेलं उचला. म्या तेल आनते. करडईचं हाय, घरच्या घाण्याचं. चालंल न्हवं?"

"लई चालंल," धोंडप्पा म्हणाला.

मागचं दार उघडलं. ऊन गुरुजींच्या पायांवर पडलं. धोंडप्पानं टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळले आणि खांद्यांवर, कोपरांवर, कमरेवर, गुडघ्यांवर टाकले. ते निवाले की पुन्हा बुडवले. मग तेल हातावर घेऊन त्यानं डाव्या हाताच्या करंगळीपासून सुरुवात केली. बोट, मग बोट, मग मनगट. एकेक सांधा तो चोळत होता, थांबत होता, पुन्हा चोळत होता. जोर कुठंच नव्हता.

"गुर्जी, शरणु," तो अधूनमधून नमस्कार केल्यासारखं म्हणायचा. "धोंडप्पा हाय म्या. बैलवाल्याचा. सावकाश होऊ द्या. घाई न्हाई आपल्याला."

अक्षरा दारापाशी उभी होती, हाताची घडी घट्ट घालून. पाऊण तासात बोटं, मनगटं आणि कोपरं सुटली. डावा तळहात वर वळला आणि तसाच राहिला, लिंग मागत असल्यासारखा. पण मांडीचे सांधे आणि गुडघे हलले नाहीत. गुडघा सगळ्यांत हट्टी असतो. एकटा माणूस पाय धरतो तर कंबर उचलते, कंबर दाबतो तर पाय सुटतो.

"ये," धोंडप्पा म्हणाला.

"नाही मामा. नाही जमणार."

"डॉक्टर हाईस न्हवं?"

"मी वर्षभर मुडदे कापलेत. तिथं कुणी अप्पा नव्हते."

"म्हनूनच ये म्हनतो. मघाशी तूच बोललीस. फुडं एक, मागं एक. म्या मागं कंबर धरतो. गुडघा तू घे."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याचे दोन्ही हात तेलात. "तूच घे," तो म्हणाला.

अक्षरानं फोन कानाला लावला. पलीकडं शरणप्पा होता, धापा टाकत. "धोंडप्पा, दोन हात खाली गेलो. मुरूम लागला. आजून येळ हाय, आतापातूर लांब करता येतंय. फुडं न्हाई व्हनार. सांग, वाकला का मानूस?"

तिनं बापाच्या गुडघ्याकडं बघितलं. बापाचा गुडघा, ज्यावर बसवून त्यांनी तिला पाढे शिकवले होते. अजून तो एक बोटभरही वाकलेला नव्हता.

"चौकोनीच, काका," ती म्हणाली. "येतोय आम्ही."

फोन ठेवून तिनं बाह्या वर केल्या, साखराबाईच्या वाटीत हात बुडवला आणि गाडीत चढली.

पुढचा तास त्या दोघांत फार बोलणं झालं नाही. जे झालं ते असं: "थांब", "आता", "न्हाई, आजून न्हाई", "आला, मामा", "सोडू नको". तिला शिकवलेलं होतं की स्नायू कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो. त्याला ठाऊक होतं की तो कधी हो म्हणतो. शेषेराव पाण्याच्या खेपा घालत होता. साखराबाई गाडीच्या तोंडाकडं पाठ करून उभी होती, पण कान इकडंच होते. एकदा तिनं न वळता विचारलं, "वाकलं का, गं?"

"उजवा वाकला, काकू."

"डाव्याला बी सांगावं. भावाचं ऐकंल."

डावा गुडघा वाकला तेव्हा एक बारीक आवाज आला, सुकलेली शेंग तडकावी तसा. अक्षरानं डोळे मिटले. तिनं गुडघा हळूच वर घेतला, मग बाजूला, आणि बापाचा पाय दुसऱ्या पायावर आणून ठेवला. मांडी झाली.

ती तशीच गुडघ्यावर कपाळ टेकवून रडली. पहाटेपासूनचं सगळं तेव्हा बाहेर आलं. धोंडप्पानं तिला रडू दिलं, पण कमरेवरचा हात काढला नाही.

मग दोघांनी मिळून गुरुजींना बैठकीवर बसवलं. नवार छातीवरून घेतली, कमरेवरून घेतली. डोक्याला धोतराचा रुमाल बांधला, कपाळाला विभूती ओढली, डोळ्यांवर चष्माही लावला. तो लावायचा नसतो, पण अक्षरानं लावला आणि धोंडप्पानं काड्या कानांमागं नीट बसवल्या. डाव्या तळहातावर लिंग ठेवून तो हात मांडीवर ठेवला.

साखराबाईनं आता वळून बघितलं. तिनं पदर डोक्यावर घेतला. "मास्तर हायती का वो?" तिनं विचारलं. "मास्तरावानी दिसायलेत."

निघताना तिनं आंबिलीची चरवी आणि भज्जीचा डबा धोंडप्पाच्या सीटवर ठेवला. "हितं जेवला न्हाईत, मंजी घरी जाऊन जेवा. हाक वाया जाऊ द्यायची न्हाई. अन् चरवी परत आनून द्या, माझ्या सासूची हाय."

उदगीर मागं पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. देवणीच्या पुढं शेतांतून माणसं घराकडं परतत होती, डोक्यावर रिकामी मडकी, हातात पेटवायचे कडब्याचे टेंभे. गावाच्या वेशीवर गाडी हळू झाली. एका म्हाताऱ्यानं खिडकीत बघितलं, गुरुजी बसलेले दिसले, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्याचे हात जोडले गेले. "शरणु, गुर्जी," तो म्हणाला. दोन पावलं पुढं गेल्यावर त्याला आठवलं, आणि तो रस्त्यातच मटकन खाली बसला.

शरणप्पा खड्ड्याच्या काठावर उभा होता, अंगभर मुरमाची माती. चौकोनी, छातीच्याही वर खोल खड्डा, एका अंगाला कोनाडा कोरलेला. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि भावाला बघितलं. हातांची माती झटकली. मग तो म्हणाला, "चष्मा तेवढा काढा. तो पडंल."

दिवस मावळायच्या आत सगळं झालं. विभूती पडली, बेलाची पानं पडली, मठाच्या स्वामींनी मंत्र म्हटले. गुरुजी कोनाड्यात मावले, गुडघे भिंतीला न लागता. ती काळजी धोंडप्पाला शेवटपर्यंत होती. माती लोटायला लागल्यावरच तो मागं सरला, मातीनं हाताचं तेल पुसलं आणि गाडीकडं आला.

तो नवार गुंडाळत होता, तेव्हा अक्षरा मागून आली. तिच्या केसांत विभूती होती.

"मामा, ही बैठक साथीनंतर केलीत ना?"

"हाव."

"आधी असती तर?"

धोंडप्पानं नवारीची गुंडाळी पूर्ण केली. "आधी आसती तरी त्या दिवसांत बसवू दिलं नसतं कुनी. पन म्या मागितलं असतं. मागितलंच न्हाई म्या, त्येच ऱ्हायलं."

तिनं मान हलवली. मग ती गाडीत चढली आणि बाभळीच्या बैठकीवर बसली. मांडी घालून, पाठ टेकून, हात दोन्ही बाजूंना ठेवून. खड्ड्याकडच्या बायांतून एक जण ओरडली, "आगं उठ, अभद्र आसतंय ते!" धोंडप्पाच्याही ओठांवर तेच आलं होतं. पण तिचं तोंड बघून तो थांबला.

तिनं पाठ इकडून तिकडं हलवली. गाडी धावताना कसं लागत असेल ते अजमावत असल्यासारखी. "पाठीला टोचतं, मामा," ती म्हणाली. "मधल्या दोन फळ्यांच्या कडा. अप्पांनाही टोचलं असेल जळकोटपासून."

इतक्या वर्षांत इतकी माणसं त्या बैठकीवर बसून आपल्या घरी गेली होती. ती बसायला कशी आहे, हे धोंडप्पाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, साखराबाईची चरवी परत द्यायला जळकोटकडं निघण्याआधी, त्यानं गाडी सुताराच्या दारात उभी केली. "मधल्या दोन फळ्यांच्या कडा मार," तो म्हणाला. "गोल कर. हात फिरवला तर कळलंच न्हाई पाहिजे, आशा."

सुतारानं रंधा काढला आणि हसून विचारलं, "तक्रार आली का काय, धोंडप्पा?"

"आली," धोंडप्पा म्हणाला. "चल, लवकर कर. फोन कवाबी येतो."